आधी उचललेली भिशी

आमच्या सोसायटीत वीस घरांची भिशी चालते. महिन्याला प्रत्येकी पाच हजार, म्हणजे दर महिन्याला एका घराच्या वाट्याला एक लाख. भिशी लिलावाची आहे. ज्याला नड असेल तो कमी रकमेवर उचलतो आणि त्याने सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. दोंडाईच्याकडचे एक काका या भिशीत सात-आठ वर्षे होते आणि त्यांचा नंबर कायम शेवटचा असायचा. पूर्ण लाख हातात, शिवाय आधीच्या सगळ्या महिन्यांची वाटणी. एका वर्षी मात्र आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी ऐंशी हजारांना भिशी उचलली. वीस हजार सोडून दिले. घरात लग्न नव्हते, दवाखाना नव्हता. बायकांत दोन दिवस कुजबुज झाली आणि विषय मिटला.

काकांचे चोवीस लूमचे खाते, म्हणजे कापड विणण्याचा छोटा कारखाना, होता. त्या दिवाळीला सुटी पडली आणि खाते पुन्हा उघडलेच नाही. बँकेच्या दप्तरात त्यांचे कर्ज थकीत म्हणून लागले ते त्यानंतर. म्हणजे बँकेच्या सहा-सात महिने आधी ही गोष्ट वीस बायकांना कळली होती. कळली म्हणजे दिसली होती. त्या दिसण्याला काय म्हणायचे, ते कोणाला ठाऊक नव्हते.

मी चलथाणला हिशेबाची आणि विवरणपत्रांची कामे करतो. काकांची विवरणपत्रेही माझ्याकडेच होती. त्या उन्हाळ्यात त्यांचे विक्रीचे आकडे दोन महिने उशिरा आले. मी फोन केला की ते म्हणत, ‘व्हई जाई भाऊ.’ मला उशीर दिसला होता, भिशी माहीत नव्हती. सोसायटीला भिशी माहीत होती, उशीर माहीत नव्हता. छोट्या धंद्यावर येणारे संकट वेळेत ओळखता येते का, या प्रश्नाकडे मी तेव्हापासून याच बाजूने पाहतो आहे. चिन्हे असतात, आणि बरीच आधीपासून असतात. फक्त ती पाच-सहा माणसांत वाटली गेलेली असतात आणि ही माणसे एकमेकांशी बोलत नाहीत.

गावाची थोडी ओळख द्यायला हवी. चलथाण हे सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यातले गाव. उधन्याहून निघालेली रेल्वे इथून बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावला जाते. याच रुळांवरून खानदेशातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इकडे आली. शेजारी कडोदऱ्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याकडून येणारा रस्ता एकमेकांना छेदतात. एका बाजूला सहकारी साखर कारखाना आणि ऊस, दुसऱ्या बाजूला लूमची खाती, डाईंग-प्रिंटिंगच्या मिली, एम्ब्रॉयडरी. खानदेशी माणूस इथे आधी कारीगर होतो, मग मास्टर, मग कोणाचे आठ-दहा लूम भाड्याने घेतो आणि नशिबाने साथ दिली तर बारा-चोवीस लूमचा शेठ होतो. आजूबाजूला खानावळ, किराणा, गॅरेज, शिलाई, मंडप, चहाची टपरी. उसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. डांग, तापी, नंदुरबारकडच्या तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात, जातात, आणि टपऱ्यांचा गल्ला त्यांच्याबरोबर वर-खाली होतो. अशा गावात ‘धंदा मंद आहे’ हे वाक्य वर्षातले चार महिने प्रत्येकजण बोलतो. म्हणून ते चिन्ह म्हणून निकामी ठरते. नेहमीची मंदी कोणती आणि आजार कोणता, हे वेगळे करणे हीच खरी अडचण आहे.

या प्रश्नावर जगात अभ्यास पुष्कळ झाला आहे. विल्यम बीव्हर या अमेरिकी अभ्यासकाने 1966 मध्ये बुडालेल्या 79 कंपन्या घेतल्या, प्रत्येकीसमोर तिच्याच धंद्यातली आणि साधारण तिच्याच आकाराची एक चांगली चाललेली कंपनी ठेवली आणि दोघींचे ताळेबंद तपासले. नफ्याच्या आकड्यापेक्षा एकूण देण्याच्या मानाने हातात येणारा पैसा किती, हे प्रमाण सर्वांत बोलके निघाले. बुडण्याच्या पाच वर्षे आधीपासून दोन्ही गटांत फरक दिसत होता. दोन वर्षांनी, 1968 मध्ये, एडवर्ड आल्टमन यांनी पाच प्रमाणे एकत्र करून एक गुणांक बसवला. तो आजही बँकांच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. एक वर्ष आधी त्याचा अंदाज फार अचूक असे. दोन वर्षे मागे गेले की तो बराच ढिला पडे. पण या दोघांपुढे ताळेबंद होते, तेही तपासलेले. त्या कंपन्यांची मालमत्ता लाखो डॉलरची होती. आमच्याकडे चोवीस लूमच्या शेठचा ताळेबंद वर्षातून एकदा होतो, तोही विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या आसपास, म्हणजे वर्ष संपून चार-सहा महिने उलटल्यावर. त्यात घराचा आणि खात्याचा पैसा एकत्र मिसळलेला असतो.

मला या सगळ्यांत जॉन अर्जेंटी यांचे म्हणणे जवळचे वाटते. 1976 च्या पुस्तकात त्यांनी कंपन्या कोसळण्याचा क्रम मांडला. आधी मांडणीतले दोष येतात: एकाच माणसाच्या हातात सारे, रोख पैशाचा पुढचा अंदाज कोणी करत नाही. मग चुका होतात: झेपेल त्याहून मोठी उडी, वाजवीपेक्षा जास्त कर्ज, पैसा नसताना वाढवलेली विक्री. आणि शेवटी लक्षणे दिसतात. आपण ज्याला संकट म्हणतो ते या क्रमातले तिसरे. आमच्याकडचे जवळजवळ प्रत्येक खाते पहिल्या पायरीत बसते, कारण एका माणसाचा धंदा एकाच्याच हातात असणार. म्हणून आम्ही दुसऱ्या पायरीवर लक्ष ठेवायला हवे, आणि नेमके तिथेच सगळे टाळ्या वाजवत असतात. नवीन मशीन आले की पेढे वाटले जातात.

पैसा नसताना विक्री वाढवणे म्हणजे काय, ते इथल्या हिशेबात मांडतो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त खाती याच वाटेने गेली. समजा एकाची महिन्याची विक्री दहा लाख आहे आणि व्यापाऱ्याचा धारा, म्हणजे पैसे देण्याची ठरलेली मुदत, पंचेचाळीस दिवसांचा आहे. बाजारात त्याचे पंधरा लाख अडकलेले असतात. व्यापारी म्हणतो, माल वाढव, पण पैसे नव्वद दिवसांनी देईन. विक्री तेवढीच राहिली तरी बाजारात आता तीस लाख अडकणार. नफा पाच टक्के धरला तर महिन्याला पन्नास हजार. हे वाढीव पंधरा लाख नफ्यातून उभे करायचे तर तीस महिने लागतील, तेही घरात एक रुपया न नेता. आणि विक्री पंधरा लाखांवर गेली तर अडकलेली रक्कम पंचेचाळीस लाख होते. वहीत नफा वाढताना दिसतो. शेठही खूश असतो. यार्नवाल्याला मात्र रोख किंवा थोड्या दिवसांत द्यायचे असते, कारीगराला महिन्याला, वीज कंपनीला तारखेला. मधली पोकळी भरायला पैसा कुठून येतो, हे विचारणारे कोणी नसते. मी स्वतः कित्येक वर्षे विचारले नाही. मी विक्रीचा आकडा भरत राहिलो आणि तो वाढला की अभिनंदन करत राहिलो.

हा पैसा येतो घरातून. आणि घराचा एक ठरलेला क्रम आहे, जो मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो मला आता बाराखडीसारखा पाठ आहे. पहिल्यांदा शेठ स्वतःचा खर्च उचलणे थांबवतो. मग विम्याचा हप्ता चुकतो, कारण विमा कंपनीचा माणूस दारात येऊन बसत नाही. मग गावाकडे आईवडिलांना जाणारे पैसे कमी होतात. मग सोने जाते, आधी बांगड्या, मग पोत. मग मुलांच्या शाळेत फी थकते. त्यानंतर सरकारचे देणे थांबते, त्यानंतर यार्नवाल्याचे, बँकेचा हप्ता बऱ्याच उशिरा चुकतो आणि कारीगराचा पगार सर्वांत शेवटी, कारण कारीगर गेला की लूम उभे राहतात. म्हणजे बँकेच्या आधी पाच-सहा जण रांगेत उभे राहून मार खाऊन गेलेले असतात. बँकेला वाटते ही सुरुवात आहे.

बँकेकडे चिन्हांची यादी नाही असे नाही. हप्ता किंवा व्याज तीस दिवसांपर्यंत थकले की पहिली पायरी, एकतीस ते साठ दुसरी, एकसष्ट ते नव्वद तिसरी, नव्वदनंतर बुडीतकडे झुकलेले खाते. पण पहिल्या पायरीसाठी हप्ता थकण्याचीही गरज नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच लिहून ठेवले आहे. मालसाठ्याचे पत्रक नव्वद दिवस किंवा त्याहून उशिरा देणे, कर्ज मंजूर करताना धरलेल्या अंदाजापेक्षा विक्री किंवा नफा चाळीस टक्के किंवा त्याहून कमी पडणे, तीस दिवसांत तीन किंवा जास्त धनादेश शिल्लक नाही म्हणून परत जाणे, चालू खात्यात वारंवार जादा उचल होणे, आणि धंदा अडचणीत आहे असे कर्जदाराने स्वतः सांगणे. ही यादी चांगली आहे. यातली शेवटची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते. धनादेश परत जाण्याचे मात्र जपून वाचायला हवे. आमच्याकडे जुना मुरलेला माणूस धनादेश परत जाऊ देत नाही. तो दोन दिवसांसाठी हातउसने आणतो, खात्यात भरतो, धनादेश वटवतो आणि तिसऱ्या दिवशी दुसरीकडून उचलून पहिल्याला देतो. बँकेचा उतारा अगदी स्वच्छ दिसतो. अशा उताऱ्यात पाहायचे ते हे: मोठ्या गोल रकमा येतात आणि तेवढ्याच गोल रकमा चार दिवसांत जातात. विक्रीचे पैसे कधी गोल नसतात. त्यात वटाव कापलेला असतो, मीटरमागचे पैसे असतात.

खोटे न बोलणारा कागद विचाराल तर मी विजेचे बिल म्हणेन. लूम चालले तर युनिट पडणार, उभे राहिले तर नाही. विक्री आधीचा माल विकूनही टिकवता येते, युनिट टिकवता येत नाहीत. शिवाय युनिट घटले तरी स्थिर आकार तसाच राहतो, त्यामुळे ताक्यामागे, म्हणजे कापडाच्या ताग्यामागे, विजेचा खर्च वाढतो. ताका आणि युनिट यांचा भागाकार दर महिन्याला भिंतीवर लिहायचा, एवढे एक काम मी आता प्रत्येक खात्यात करायला सांगतो. त्यासाठी माझी गरज नाही, सातवीतला मुलगा हे करू शकतो.

त्याहून आधी कळते ते कारीगराला. इथल्या लूमवर ओडिशाच्या गंजामकडची माणसे फार आहेत. त्यांचा हिशेब मीटरवर असतो. बीम संपला आणि दुसरा चढायला दोन दिवस लागले, तर ते दोन दिवस त्याच्या पोटातून जातात. म्हणून यार्न उशिरा येते आहे हे शेठने कितीही झाकले तरी कारीगराला पहिल्या आठवड्यात कळते. महिन्याच्या मध्ये जी खर्ची मिळते ती दोन हजारांची पंधराशे झाली की तो दुसऱ्या खात्यात चौकशी करतो. आणि आधी जातो तो चांगला कारीगर, कारण त्याला जागा कुठेही मिळते. एखाद्या खात्यातले दोन जुने, निष्णात कारीगर दिवाळी नसताना पंधरा दिवसांच्या अंतराने सोडून गेले, तर मी त्या खात्याचा ताळेबंद पाहण्याच्या आधी यार्नचे येणे पाहतो.

दुसऱ्या धंद्यांत हीच गोष्ट दुसऱ्या रूपात येते. खानावळवाला रोखीने बाजारातून आणत होता तो कोपऱ्यावरच्या किराण्यातून उधारीवर घेऊ लागतो. दोन-चार रुपये महाग, पण आज द्यायचे नाहीत. काही दिवसांनी महिन्याचे पैसे आगाऊ देणाऱ्यांना सूट मिळू लागते. आगाऊ पैशाने मागची उधारी फिटते आणि पुढच्या महिन्याचे जेवण आधीच खाऊन झालेले असते. गॅरेजवाल्याकडे सुटे भाग ठेवणीत नसतात, गाडी आली की माणूस पैसे घेऊन आणायला धावतो. किराणा दुकानात समोरच्या फळीवर डबे भरलेले आणि मागची फळी रिकामी.

आता आपल्या गिऱ्हाइकाचे संकट. छोटा धंदा स्वतःच्या चुकीने बुडतो तसाच तो दुसऱ्याच्या बुडण्यातही ओढला जातो. सुरतेच्या कापडबाजारात त्याला उठमणं म्हणतात. व्यापारी रातोरात दुकान बंद करून जातो आणि त्याच्यामागे दलाल, विणणारे, रंगवणारे, सगळे उघडे पडतात. त्याचीही चिन्हे असतात. भाव न करता माल घेणारा, नेहमीपेक्षा दुप्पट माल मागणारा, दलाल बदलणारा, घेतलेला माल पडत्या भावाने रोखीत काढणारा. पूर्वी यावर बाजारातल्या कानगोष्टींखेरीज उपाय नव्हता. आता एक आहे आणि तो फुकट आहे: जीएसटीच्या संकेतस्थळावर गिऱ्हाइकाचा क्रमांक टाकला की त्याने शेवटचे विवरणपत्र कोणत्या महिन्याचे आणि कधी भरले ते दिसते. सलग दोन विवरणपत्रे राहिली की ई-वे बिल काढणे अडते. म्हणजे तिसऱ्या महिन्याला व्यापारी स्वतःच्या नावाने माल हलवू शकत नाही आणि दुसऱ्याच्या नावाने बिल फाडायला सांगतो. ‘बिल भावाच्या फर्मच्या नावाने काढा’ हे वाक्य ऐकले की हात आखडावा. उधारीवर माल देणाऱ्या माझ्या ओळखीच्या शंभरातल्या नव्वद जणांनी ही तपासणी आयुष्यात एकदाही केलेली नव्हती. गिऱ्हाइकाचा अपमान होईल असे त्यांना वाटते. त्याला कळतही नाही हे सांगितले तरी संकोच जात नाही.

काही धक्के कोणत्याही चिन्हाशिवाय येतात, हेही मान्य केले पाहिजे. ऑगस्ट 2006 मध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले तेव्हा कोणत्या वहीत काय पाहिले असते? 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, मार्च 2020 ची टाळेबंदी, हेही तसेच. पण 1 जुलै 2017 ला आलेल्या जीएसटीची गोष्ट वेगळी आहे. संप झाले, बाजार बंद राहिला, ते गाजले. हळूहळू शिरलेला आजार मात्र दुसराच होता. कृत्रिम यार्नवर आधी 18 आणि ऑक्टोबर 2017 पासून 12 टक्के कर, कापडावर मात्र 5 टक्के, त्यामुळे भरलेला जादा कर खात्यात साठत गेला आणि परत मिळेना. ऑगस्ट 2018 पासून परतावा सुरू झाला, पण त्याआधी साठलेले क्रेडिट बुडीत धरण्याची अट आली. ती अट गुजरात उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द ठरवली. यार्नवरचा कर 5 टक्क्यांवर यायला सप्टेंबर 2025 उजाडले. या सगळ्या काळात वहीत ‘येणे’ म्हणून दिसणारी रक्कम हातात नव्हती. ज्यांनी ती आपली शिल्लक समजून नवे मशीन घेतले त्यांची मशीने पुढे विकली गेली, आणि जुने साधे लूम तर भंगाराच्या वजनावर गेले. धक्का बाहेरचा होता, पण त्यात कोण टिकले हे आतल्या पैशावर ठरले.

2020 नंतरची दोन-तीन वर्षे वाचायला आणखी अवघड होती. मार्च ते ऑगस्ट 2020 हप्त्यांना स्थगिती मिळाली. मग सरकारी हमीवर बाकी कर्जाच्या वीस टक्के जादा कर्ज मिळाले, त्यातही पहिले वर्ष मुद्दल फेडायचे नव्हते. त्याने अनेक खाती वाचली, हे मी स्वतः पाहिले आहे. पण तापावर गोळी दिल्यासारखे झाले. ताप उतरला म्हणून आजार किती आहे ते कळेना. खरी ओढ दिसली ती हप्ते सुरू झाल्यावर.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट बदलली आहे, तिचाही विचार व्हावा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हे 2006 च्या कायद्यातच आहे. 1 एप्रिल 2024 पासून सुरू झालेल्या आकारणीत त्याला आयकराची जोड मिळाली: मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. त्याआधीच्या मार्च महिन्यात सुरतेत काय झाले? काही व्यापाऱ्यांनी जुनी बिले चुकती केली. काहींनी माल परत पाठवला. ज्याचा माल परत आला त्याला त्या दिवशी वाईट वाटले, पण तो माल म्हणजे एक खूण होती: या गिऱ्हाइकाकडे पंचेचाळीस दिवसांत द्यायला पैसे नाहीत, आणि नव्वद दिवसांतही कदाचित नसतील. ज्यांनी ही खूण वाचली त्यांनी त्या नावापुढे उधारीची मर्यादा घातली. बाकीच्यांनी एप्रिलमध्ये तोच माल पुन्हा त्याच घरी पाठवला.

इतकी चिन्हे असताना माणूस गप्प का राहतो? लाज आहे, अभिमान आहे, गावाकडे ‘सुरतेला शेठ झाला’ म्हणून झालेले नाव आहे. आखाजीला गावी जायचे तर भाड्याने का होईना पण गाडी घेऊन जायचे असते. पण फक्त लाजेवर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, यामागे कडक व्यवहार आहे. उधारीच्या बाजारात ‘माझे हात तंग आहेत’ असे ज्या दिवशी माणूस बोलतो, त्या दिवशी यार्नवाला रोख मागतो, दलाल माल दुसऱ्याकडे वळवतो आणि जो आजार सहा महिन्यांत बरा होण्यासारखा होता तो सहा दिवसांत जीव घेतो. सांगितल्यानेच बुडतो, म्हणून तो सांगत नाही. त्याला ‘वेळेत सांगा’ असा उपदेश करणाऱ्याने आधी हे सांगावे की सांगायचे कोणाला.

डेन्मार्कने 2007 पासून यावर एक साधी वाट काढली. अडचणीतला छोटा व्यावसायिक फोन करतो, एक जाणकार येऊन वह्या पाहतो, मग अनुभवी उद्योजकांपैकी एखादा स्वयंसेवक काही महिने त्याच्याबरोबर बसतो. पैसे लागत नाहीत आणि बातमी बाहेर जात नाही. पुढे युरोपातल्या इतर देशांनी ती पद्धत घेतली आणि 2019 च्या युरोपीय निर्देशात अशी सोय असावी असे लिहिले गेले. आपल्याकडे काहीच नाही असे कोणी समजू नये. 17 मार्च 2016 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने पंचवीस कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी सावरण्याची एक चौकट दिली आहे. त्यात, धंदा बुडेल किंवा देणी देता येणार नाहीत अशी रास्त भीती वाटली, किंवा साठलेल्या तोट्याने निव्वळ मालमत्ता निम्म्यावर आली, तर कर्जदार आपण होऊन अर्ज करू शकतो. दहा लाखांपर्यंतचे कर्ज असेल तर शाखेचा व्यवस्थापकच त्यावर निर्णय घेऊ शकतो. त्याहून मोठे असेल तर समिती बसते आणि तिच्यात बाहेरचा एक जाणकार असतो. हप्त्यांची फेरमांडणी होऊ शकते. हा अर्ज करणारे मला आजवर मोजून तीन जण भेटले. बाकीच्यांनी हे नावही ऐकले नव्हते, आणि त्यांना ते सांगायचे काम माझ्यासारख्यांचे होते.

सुरतेत खानदेशी समाजाची मंडळे आहेत, सभागृहे आहेत, वधूवर मेळावे भरतात, गुणवंत मुलांचे सत्कार होतात. याच माणसांत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, पंचवीस वर्षे यार्न विकलेले आहेत, एकदा बुडून पुन्हा उभे राहिलेलेही आहेत. महिन्यातला एक रविवार, बंद दाराची एक खोली आणि ऐकलेले बाहेर न बोलण्याची शपथ, एवढ्यावर डेन्मार्कसारखे काम इथे चालू शकते असे मला मनापासून वाटते. आणि त्या खोलीत बायकांना आधी बोलवावे. सोन्याच्या पावत्या त्यांच्याकडे असतात.

असे म्हणायला मला एका वहिनींनी शिकवले. दोन वर्षांपूर्वी दुपारी, पुरुष खात्यात असतात त्या वेळी, त्या माझ्याकडे आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात मसाल्याच्या वासाच्या तीन पावत्या होत्या. सोनेतारणाच्या. तिसऱ्या पावतीतले पैसे पहिल्या दोन पावत्यांचे व्याज भरायला गेले होते. ‘भाऊ, यांना सांगू नका मी आले म्हणून,’ त्या म्हणाल्या. ‘पण हे असंच चाललं तर माझ्याकडे चौथी पावती करायला काही नाही.’ सोळा लूमचे खाते होते. विवरणपत्रे वेळेवर, बँकेचा हप्ता वेळेवर. माझ्या कागदांत तिथे काहीही बिघडलेले नव्हते.

मी शेठला दुसऱ्या कामाच्या निमित्ताने बोलावले आणि विजेची बारा बिले मागितली. जानेवारीपासून युनिट घसरत होते. ते दिसल्यावर शेठ स्वतःच बोलू लागले. एका व्यापाऱ्याकडे नऊ लाख अडकले होते आणि त्याचा धारा तीसवरून शंभर दिवसांवर गेला होता. त्याला आणखी माल दिला नाही तर जुने पैसे बुडतील, या भीतीने ते माल देत राहिले होते. आम्ही एका कागदावर कोणाचे किती देणे ते लिहिले. ती यादी त्यांनी आजवर कधी एका जागी पाहिली नव्हती. सहा लूम विकले, भंगारात जाण्याआधी, चालू स्थितीत, म्हणून भाव मिळाला. यार्नवाल्याकडे आम्ही दोघे मिळून गेलो, देण्याची तारीखवार मांडणी घेऊन. तो बराच वेळ कागद पाहत राहिला आणि म्हणाला, न सांगता निघून जाणारे पुष्कळ भेटले, कागद घेऊन येणारे कमी. पुढचे यार्न रोखीने, जुने हप्त्याने, असे ठरले. त्या व्यापाऱ्याला माल थांबवला. नऊ लाखांतले साडेतीन आले, बाकीच्या रकमेसाठी अर्ज केला आहे.

दहा लूम चालू आहेत. शेठने आता मीटरवर मजुरीचे काम घेतले आहे, त्यात नफा कमी पण यार्नमध्ये पैसा अडकत नाही. वहिनींची पहिली पावती गेल्या आखाजीच्या आधी सुटली. दुसरीचे व्याज भरले जाते आहे. तिसरी तशीच आहे, त्याच डब्यात.